मागे चाळीस माणसं

गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत पहिल्या वेळी ती नापास झाली ती सासऱ्यांमुळेच, याबद्दल सुनेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सासऱ्यांनी तीस वर्षं बस चालवलेली. निवृत्त झाले, पण बस काही डोक्यातून उतरली नाही. सुनेला त्यांनी आपल्या चिमुकल्या गाडीवर शिकवलं तेही बसचंच. "वळण मोठं घे! मागे चाळीस माणसं आहेत!" मागे असायची फक्त भाजीची पिशवी. तिने परीक्षेत इमानेइतबारे तसंच मोठं वळण घेतलं, गाडी पलीकडच्या बाजूला गेली, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबाने तिथेच फुली मारली.

त्यात त्यांची ती खोड! शेजारी बसले की उजवा पाय आपोआप खाली दाबायचे, जणू ब्रेक त्यांच्याकडेच आहे. अहो, तिथे नुसती चटई! सुनेचं लक्ष रस्त्यावर कमी आणि त्या चपलेवर जास्त. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि आता तर गळ्याशी आलं होतं. ती नर्स. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या रुग्णांना बघायची नवी जागा तिला मिळणार होती. रात्रपाळी कायमची सुटणार, लेक रोज आईजवळ झोपणार. अट एकच, महिनाअखेर परवाना हवा. म्हणजे आजची परीक्षा शेवटची.

सकाळी सासरे चपला घालून दारात हजर. "चल, मी येतो."

"नको, मामंजी," ती फटकन म्हणाली. "तुमच्या त्या चाळीस माणसांनीच माझा घात केला. आज मला एकटीला जाऊ द्या."

ते माघारी वळले. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जाऊन बसले. तिला लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो?

परीक्षेत वळणं तिने अगदी बेताची घेतली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अचानक एक सायकलवाला गल्लीतून आडवा आला. ती घाबरली. पण पाय घाबरला नाही. 'मागे म्हातारी उभी आहे, ती पडता कामा नये,' हे मामंजींचं ब्रेक लावतानाचं पालुपद पायालाच पाठ झालेलं. गाडी अशी अलगद थांबली की साहेबाच्या मांडीवरच्या वहीवरचं पेनसुद्धा घरंगळलं नाही.

साहेबाने पेनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कुणी शिकवलं?"

"सासऱ्यांनी. बस चालवायचे ते."

"तरीच," म्हणून त्याने सही ठोकली.

ती घरी आली ती जवळजवळ धावतच. दारातच सासूबाईंनी तिला अडवलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "बाई गं, काय झालं ते आधी त्यांना सांग. चहासुद्धा घेतला नाही. तू गेल्यापासून बघ कसे बसलेत."

सासरे त्याच खुर्चीत होते. डोळे घड्याळाकडे, चपला अजून पायात, आणि उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला.

तिला हसू आलं, आणि रडूही. ती खाली बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मामंजी, पाय उचला आता," ती म्हणाली. "पोचले सगळे. चाळीसच्या चाळीस."