थंड साच्यातल्या गोळ्या

ते साल १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून केंटकीच्या डोंगरातल्या त्या खोऱ्यात जो तो जुन्या पद्धतीची, नळीच्या तोंडातून भरायची बंदूक घेऊन मिरवत होता. ऑर्विल स्टिडमला त्याचं हसू यायचं. त्याची बंदूक त्याच्या आज्याची होती, आणि तिच्या शिशाच्या गोळ्या तो घरीच ओतायचा, बायकोच्या, लव्हीनाच्या, कोळशाच्या चुलीवर. चाळीस वर्षं तिने ते पाहिलं होतं. चुलीच्या एका तोंडावर शिशाची कढई, दुसऱ्यावर तिच्या घेवड्याचं पातेलं, आणि चुलीच्या कडेला तापत ठेवलेला अडकित्त्यासारखा लोखंडी साचा.

साचा तापवण्यात ऑर्विल कोणाचं ऐकत नसे. दोन कप कॉफी होईपर्यंत तो साच्याला हात लावायचा नाही. त्यानंतरच्याही पहिल्या तीन गोळ्या न बघताच परत कढईत. चर्चचे पाद्री म्हणायचे, "ऑर्विलचा साचा तापेपर्यंत माझं प्रवचन संपून लोक घरी जेवायला बसतात." पण दर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी खोऱ्यात नेमबाजी व्हायची, कापलेल्या बैलाच्या वाट्यांसाठी, आणि मागच्या मांडीचा पहिला वाटा अकरा वेळा ऑर्विलच्याच घरी आला होता. शेवटच्या नंबराला निशाणामागच्या झाडात रुतलेलं शिसं खणून न्यायचा मान मिळे. ते सहसा शेजारच्या हॉबर्टच्या नशिबी यायचं, आणि तो ते ऑर्विललाच आणून द्यायचा. "घे बाबा, तुझंच शिसं तुला परत."

त्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ऑर्विलने शिसं वितळवलं आणि खिळ्यावरचा साचा काढून, न तापवताच, थेट ओतायला घेतलं. गोळी निघाली ती वाळवलेल्या सफरचंदासारखी, सुरकुतलेली. त्याने तिच्या तोंडाशी राहिलेला शिशाचा देठ कापला आणि ती डब्यात टाकली.

"ऑर्विल, परत टाक की ती."

"का?"

"का म्हणजे? सुरकुत्या बघ."

त्याने गोळी अंगठ्याखाली फिरवली. "आपल्या वयाला शोभते."

लव्हीना हसली. मग त्याने दुसरी ओतली, तिसरी ओतली, आणि दोन्ही डब्यात टाकल्या. चाळीस गोळ्या झाल्या तेव्हा तिचं हसू केव्हाच गेलं होतं.

असली गोळी सरळ जात नाही. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी रांगेत ऑर्विलचे नेम बाजूच्या झुडपात गेले असते आणि सगळ्या खोऱ्याला कळलं असतं. लव्हीनाला ते बघवलं नसतं. रोज दुपारी तो टपालाची पेटी बघायला खाली रस्त्यापर्यंत जायचा आणि हॉबर्टच्या कुंपणाशी तासभर रेंगाळायचा. त्या तासात तिने त्याच्या गोळ्या वितळवल्या आणि स्वतः ओतल्या. पहिल्या दिवशी भीतीपोटी साचा इतका तापवला की गोळ्यांवर दहिवर पडल्यासारखा पांढुरका थर आला. दुसऱ्या दिवशी जमलं. गुळगुळीत, चकचकीत, आरशासारख्या. त्या तिने त्याच्या डब्यात भरून ठेवल्या. पुढे हा रोजचाच उद्योग झाला. सकाळी तो ओतायचा, दुपारी ती. आणि सकाळी प्रत्येक वेळी ती म्हणायची, "आधी साचा तापव, ऑर्विल." तो "हो, हो" म्हणायचा आणि विसरायचा.

सप्टेंबरच्या मध्यावर मुलगा आला, डेल्मर. तो ओहायोत डेटनला कारखान्यात होता. हॉबर्टने त्याला फोन केला होता. ऑर्विल भरलेली बंदूक घेऊन हॉबर्टच्या अंगणात आला होता आणि हॉबर्टलाच त्याने विचारलं होतं, हे घर कोणाचं.

"मम्मी, बंदूक मी घेऊन जातो."

"आणि तुझ्या डॅडींना काय सांगू?"

"सांग दुरुस्तीला दिली."

"त्या बंदुकीचं आजवर त्यांनी कोणाला काही करू दिलंय?"

"मग खरं सांग. मम्मी, उद्या कोणाचा जीव गेला तर?"

लव्हीनाने फळीवरचा डबा काढला आणि त्याच्यासमोर टेबलावर उपडा केला. डेल्मरने एक गोळी उचलली, उजेडात धरली. गोळी बघून माणूस ओळखावा, हे ऑर्विलनेच त्याला लहानपणी शिकवलं होतं. ज्याला साचा तापेपर्यंत दम निघत नाही, त्याच्या हातात बंदूक देऊ नये.

"या डॅडींनी ओतल्या?"

"मग काय मी ओतल्या?"

डेल्मर बराच वेळ गोळ्या चाळवत बसला. तेवढ्यात ऑर्विल ओसरीवरून आत आला. "काय रे, डेटनला खायला घालत नाहीत वाटतं? कणसाचा दांडा झालास नुसता." डेल्मर हसला आणि त्याचे खांदे सैल झाले. "हॉबर्टलाच दुपारची झोप हवी, काहीतरीच ऐकलं त्याने," तो आईला म्हणाला.

रविवारी तो बंदूक न घेता गेला. गाडी वळेपर्यंत लव्हीना फाटकाशी उभी होती. हाक मारली असती तर तो थांबला असता. तिच्या तोंडून हाक निघाली नाही.

नेमबाजीला दोन दिवस होते. गुरुवारी सकाळी ऑर्विलने कढई चढवली. लव्हीना मक्याच्या ब्रेडचं पीठ कालवत होती. मान न वळवता म्हणाली, "आधी साचा तापव."

"तापवतोय," तो म्हणाला. या वेळी त्याच्या खरंच लक्षात राहिलं होतं.

काहीतरी टपटपल्याचं ऐकून तिने वळून पाहिलं. साच्यावर काजळी दिसली म्हणून त्याने तो भांड्यांच्या पाण्यात धुतला होता, आणि आता तसाच ओला साचा तापवण्यासाठी वितळलेल्या शिशात बुडवायला निघाला होता. ती ओरडत धावली. तिचा हात त्याच्या मनगटाला लागला तोच साचा शिशाला टेकला, पाण्याची एकदम वाफ झाली आणि कढईतून फट्दिशी शिसं उडालं.

त्याला चष्म्याने आणि टोपीने वाचवलं. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला आणि डाव्या डोळ्याखाली बोराएवढा चटका बसला.

ऑर्विलने तिला खुर्चीत बसवलं. विहिरीचं गार पाणी आणलं, फडकी भिजवून इतक्या हलक्या हाताने ठेवली की ती रडायला लागली. तो खाली वाकून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कोणी केलं गं हे तुला?"

"कोणी नाही रे."

"घाबरू नकोस. नाव सांग. मी बघतो त्याच्याकडे."

ती काय सांगणार? त्याने भिंतीवरची बंदूक काढली आणि ओसरीवर जाऊन खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडली. बंदूक भरलेली होती की नाही तिला ठाऊक नव्हतं. त्यालाही नसावं.

तिने उजव्या हाताने आधी हॉबर्टला फोन लावला. "आज इकडे फिरकू नकोस. काही विचारू नकोस." मग डेटनला, कारखान्यात. डेल्मरला यंत्रावरून बोलावून आणेपर्यंत ती रिसीव्हर कानाला धरून बसली.

"ये," ती म्हणाली. "त्या गोळ्या माझ्या होत्या."

तो म्हणाला, "निघालो."

चार तास ती जाळीच्या दारामागे बसून राहिली. दोनदा तिने ऑर्विलला जेवायला हाक मारली. "तू खा," तो मागे न बघता म्हणाला, "तो येईल एवढ्यात." रस्त्याने एखादी गाडी आली की त्याचा हात घोड्यावर जायचा आणि तिचा श्वास अडायचा. प्रत्येक गाडी पुढे निघून गेली.

डेल्मरने गाडी लांबच उभी केली आणि हात मोकळे ठेवून चालत आला. "डॅडी, मी आहे."

ऑर्विलने त्याला ओळखलं. उठून बंदूक त्याच्या हातात दिली. "बरं झालं आलास. तुझ्या मम्मीला कोणीतरी भाजलंय. मी दमलो बघ. आता तू राखण कर."

नळीत एकावर एक दोन बार भरलेले होते; घोडा पडला असता तर नळी ऑर्विलच्याच तोंडावर फुटायची.

त्या शनिवारी हॉबर्टने पहिला वाटा जिंकला, आयुष्यात एकदाच, आणि अर्धा लव्हीनाच्या दारात ठेवून न बोलता गेला. तो ब्याऐंशी साली वारला. नेमबाजीचं माळरान त्याआधीच एका कोळसा कंपनीने घेतलं होतं. ऑर्विल त्या शनिवारनंतर आणखी तीन वर्षं जगला, शेवटचं वर्ष लेक्झिंग्टनच्या एका शुश्रूषागृहात. लव्हीना भेटायला गेली की तिच्या डोळ्याखालच्या डागावर बोट ठेवून दर वेळी तोच प्रश्न विचारायचा, आणि दर वेळी तितकाच संतापायचा. डेल्मर डेटनलाच निवृत्त झाला. ते दोन बार त्याने स्वतःच्या हाताने उपसून काढले आणि बंदूक नंतर कधी भरली नाही. लव्हीना त्याच्याकडे एक्याण्णव सालापर्यंत होती. शेवटी शेवटी तीही बरंच विसरली, पण ऑर्विलच्या त्या प्रश्नाला आपण काय उत्तर द्यायचो, ते तिला अखेरपर्यंत आठवत होतं. ती म्हणायची, "तो माणूस सापडला, ऑर्विल. आता झोप."