नववीचा बाक

"साहेब, हा बाक उद्याही इथेच असेल का?"

उमाने विचारून टाकलं. मागे उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीने, कुंदाने तोंडात ओढणीच कोंबली. 'विचारून दाखव तर खरी!' असं सकाळी तीच म्हणाली होती.

कुळगावच्या विकास कचेरीत आज नॉर्वेचे साहेब आले होते. सरकारी कारभार लोकांचा कसा करावा, हे दोन्ही देश मिळून शोधणार होते. स्वागतगीताला शाळेतून नववीच्या मुली आणल्या होत्या, आणि त्यांच्या वर्गातला उमा-कुंदाचा बाकही. एरवी डोंगरावरच्या वाडीची माणसं कचेरीच्या पायरीखाली उकिडवी बसायची. आज हरिचंद्र शिपायाने म्हाताऱ्या चांगोला धरून बाकावर बसवलं होतं. दोन्ही हातांनी कड पकडून तो होडीत बसल्यासारखा बसला होता.

दुभाषी होते हेडक्लार्क विष्णुपंत. म्हणजे उमाचे वडील, अण्णा. त्यांनी टोपी सारखी केली आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "मुलगी विचारते, आमचा देश कसा वाटला?"

"फार सुंदर!" साहेब हसले.

उमाच्या कानशिलांना चटका बसला. यंदा इंग्रजीत ती वर्गात पहिली आली होती, हे अण्णा विसरले की काय?

"नाही साहेब," ती थेट इंग्रजीतच म्हणाली, "मी बाकाचं विचारलं. तो आमच्या वर्गाचा आहे. तो परत गेल्यावर ही माणसं कुठे बसतील?"

साहेबांचं हसू मावळलं. ते रागावले नाहीत; नुसते विष्णुपंतांकडे बघत थांबले. विष्णुपंतांनी रुमालाने मान पुसली.

"इथेच राहील, सर," ते म्हणाले.

मोटार निघून गेली. धूळ बसायच्या आत हरिचंद्राने बाकाला हात घातला.

"भाऊसाहेब," चांगोने विष्णुपंतांना विचारलं, "सायब गेला. आता उतरू का मी?"

विष्णुपंत आत गेले.

संध्याकाळी ताटावर त्यांना कंठ फुटला. "चारचौघांत बापाला खोटं पाडलंस!"

"खोटं कसं? तुम्हीच तर म्हणालात, राहील."

"अगं, शाळेचा बाक तो! हेडमास्तर उद्या माणूस पाठवतील. कचेरीचा मंजूर व्हायला वर्ष जाईल, वर्ष!"

"मग हो कशाला म्हणालात?" उमाच्या आईने, माईने आमटी वाढता वाढता विचारलं.

विष्णुपंतांचा घास हातातच राहिला.

"तो म्हातारा... खरंच उतरून खाली बसला," ते हळूच म्हणाले.

उमा उठून दोघांच्या समोर उभी राहिली.

"बाक परत जाणार नाही. हेडमास्तरांना मी सांगते. कचेरीचा येईपर्यंत कुंदा आणि मी वर्गात जमिनीवर बसणार. ठरलंय आमचं." मग जरा थांबून ती म्हणाली, "कुंदाला सकाळी सांगीन."