शिलाईच्या आतलं कापड

नोकरीला लागताना शिवलेली पँट आजही आपल्याला बसते, हे बसड्रायव्हर येईल त्याला ऐकवायचे आणि वर पोटावर थाप मारायचे. पँट ठेवणीतली. डेपोची डॉक्टरी तपासणी असली किंवा साहेब यायचे असले की बाहेर काढायची आणि पुन्हा कपाटात. त्यांची बायको तेव्हा शिवणयंत्रावर मान खाली घालून बसायची. पँट तिनेच शिवली होती. आणि दर तपासणीआधी, नवरा दुपारचा घोरत असताना, मागची शिलाई उसवून कंबर बोटभर सैल करणारीही तीच. माणूस दिवसभर रहदारीशी भांडून येतो, त्याला घरी आणि कशाला टोचायचं, एवढाच तिचा विचार. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या खेपेला मात्र डॉक्टरीणबाईंनी मूठ उघडली. "साखर बरीच वाढलीय. गोळी सुरू करा, पण नुसत्या गोळीवर भागणार नाही. चहातली साखर बंद, ताटात अर्धी भाजी, जेवल्यावर चालणं. तीन महिन्यांत उतरली नाही, तर स्टिअरिंग सोडावं लागेल."

स्टिअरिंग सोडायचं म्हणजे कुठे बसायचं, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, लोकांच्या विसरलेल्या छत्र्यांची राखण करत. अख्खी जिंदगी गाडी पळवलेल्या माणसाला ती खोली तुरुंगच वाटली असती.

"मशीन बिघडलंय त्यांचं," घरी येऊन ड्रायव्हर म्हणाले. "साखर वाढलेल्या माणसाला जुनी पँट बसते का कधी?"

गोळी ते घ्यायचे, पण पथ्याच्या नावाने आनंद होता. कारल्याचा रस पुढे आला की म्हणायचे, "कारलं साखरेत घोळलं तरी कडूच. तेव्हा साखर तरी घाल." जेवण झालं की दारापर्यंत जाऊन यायचे आणि चालून आलो म्हणून आडवे व्हायचे.

बायको हसायची, पण मनात तीन महिन्यांचे दिवस मोजत राहायची. एका दुपारी तिने पँट उलटी करून पाहिली. शिलाईच्या आत जास्तीचं कापड उरलंच नव्हतं. आता सैल करायलाही जागा नाही आणि लपवायलाही नाही. तिने सरळ शिलाई उसवली आणि कंबर नोकरीला लागतानाच्या पहिल्या मापाला आणून शिवली.

दुसऱ्या दिवशी डेपोत साहेब यायचे होते. ड्रायव्हरांनी पँट चढवली. बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर. त्यांनी श्वास आत ओढला, पोट ओढलं, शेवटी कपाटाला धरून पाहिलं.

"आटली गं ही!"

"धुतली कुठेय? आटायला काय झालं?" ती म्हणाली. मग तिला राहवेना. "अहो, पँट वाढत होती, तुमच्याबरोबर. मीच वाढवत होते."

ते पलंगावर बसले. "म्हणजे सगळ्या डेपोला मी सांगत सुटलो..."

"सांगत होतात. आणि मी ऐकत होते. चुकलंच माझं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं, आणि तुमचंच वाईट करून बसले."

ते उठले. साधी पँट घालून गेले, संध्याकाळी आले, मुकाट्याने जेवले. तिचा जीव टांगणीला. मग चपला पायात सरकवत ते म्हणाले, "चल. मशीन खरं बोलत होतं, बायको थापा मारत होती. आता पाय काय म्हणतात बघू."

चालणं सुरू झालं, पण त्याचीही गंमत. प्रत्येक बसथांब्यापाशी ड्रायव्हरांचे पाय आपोआप थांबायचे! उभ्या माणसांकडे बघायचे, कोण चढतंय याची वाट पाहायचे. बायको मागून म्हणायची, "टिंग टिंग!" की गाडी पुढे. थांब्यावरची माणसं हसायची. काही दिवसांनी ती माणसंच आधी "टिंग टिंग" करायला लागली.

ताटातला भात आटला, भाजी वाढली. भिजवलेले मेथीदाणे ते तोंड वाकडं करून चावायचे. "याने बरं वाटत असेल तर गोळी सोडू का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी असे डोळे वटारले की पुन्हा विषय नाही. रविवारी पँटीची परीक्षा व्हायची. चाराची तीन बोटं झाली, तिनाची दोन. आणि एक दिवस बटण लागलं. त्यांनी लगेच पँट काढून, उलटी करून शिलाई तपासली. विश्वास गेला तो गेलाच!

तपासणीहून ते परतले ते जिन्यातूनच ओरडत. "उतरली! छत्र्या दुसऱ्या कुणाला सांभाळू देत म्हणावं! गोळी चालू, चालणं चालू, आणि गाडीही चालू!"

तिला रडूच फुटलं. पदराने डोळे पुसते तोवर त्यांनी पँट बदलून तिच्यापुढे ठेवली.

"आतलं जास्तीचं कापड कापून टाक."

"अहो, असं कुणी कापतं का? पुढेमागे लागलं तर?"

"तेच नकोय. मी सुटायला लागलो तर मला कळलं पाहिजे. त्याच दिवशी."

कुणाच्याही कपड्याच्या आतलं कापड तिने आजवर कापलं नव्हतं. तिने कात्री उचलली, पण हात अडला.

शेजारी उभे राहून ड्रायव्हर हळूच म्हणाले, "टिंग टिंग."

आणि तिने कात्री चालवली.