बुडणारं लाकूड

एलिहियो म्हाताऱ्याची चाळीस वर्षं चाकोच्या रानात केब्राचो तोडण्यात गेली. केब्राचो म्हणजे कुऱ्हाडीचं तोंड मोडणारं झाड. अशा माणसाला नातीच्या उत्तरपत्रिकेनं पार चक्रावून सोडलं होतं. 'लाकूड पाण्यात टाकल्यास काय होते?' असा प्रश्न होता. सुनिल्दानं 'बुडते' असं लिहिलं, आणि त्यावर लाल फुली आली. पोरगी एका गुणानं नापास झाली. नापास पोरीला कोन्सेप्सिओनच्या वसतिगृहात कोण घेणार? गुणांची यादी दुपारच्या लाँचनं नदीमार्गे तिकडे जायची होती, म्हणून तो नातीला घेऊन तडक शाळेत आला.

नील्दाबाई राजधानीतून नुकत्याच आलेल्या. त्या म्हणाल्या, "अहो आजोबा, पुस्तकात स्वच्छ छापलंय. लाकूड तरंगतं, धातू बुडतो."

"छापणाऱ्यानं नदीत कधी पाय तरी घातलाय का?"

म्हाताऱ्यानं पिशवीतून केब्राचोचा तुकडा काढला आणि वर्गातल्या पाण्याच्या बादलीत सोडला. तो सरळ तळाला गेला. बाईंनी बाही वर सारून तो बाहेर काढला, नखानं खरवडला, हुंगला, पुन्हा टाकला. पुन्हा तळाला.

"दगड नाही ना हा?"

"दगड! चाळीस वर्षं मी काय दगड तोडले, बाई?"

बाईंनी चिडून पेन्सिल टाकली. ती मजेत तरंगू लागली. आता आ वासायची पाळी म्हाताऱ्याची होती.

"हे कसलं लाकूड! रानातलं समुऊचं पोकळ झाड असंच तरंगतं. त्याला आम्ही लाकडात धरतच नाही."

"पण आजोबा, लाकूडच ना ते?"

म्हाताऱ्यानं पेन्सिल बोटानं खाली दाबली, ती पुन्हा वर आली. तेवढ्यात सुनिल्दानं बाईंचा अॅल्युमिनियमचा पेला अलगद पाण्यावर ठेवला. "बाई, हा धातू तरंगतोय." बाईंनी आपला प्लास्टिकचा कंगवा टाकला, तो बुडाला. बाटलीचं झाकण टाकलं, तेही प्लास्टिकचंच, पण ते बुडेना. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"माझं डोकं चालेनासं झालंय, आजोबा. दोनातला एक गुण देते. अर्धं खरं तुमचं, अर्धं पुस्तकाचं."

पोरगी पास झाली. म्हातारा खुशीत घराकडे निघाला. वाटेत सुनिल्दानं विचारलं, "आबा, कोन्सेप्सिओनच्या परीक्षेत हाच प्रश्न आला तर काय लिहू?"

तो थबकला. तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि तुकडा घेऊन तो तिथवर पोचणारही नव्हता.

"तरंगतं, असं लिही," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं लाकडाबद्दल स्वतःला न पटणारं काही सांगितलं होतं, आणि आपण पोरीचं भलं केलं की तिला खोटं शिकवलं, हे त्याला काही केल्या उमगेना.