एकशे चौसष्टवर अडकलेला आकडा

त्या रेझिनच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळेच मामा म्हणायचे, मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत. खरा मामा तो एकटीचाच होता. केटल हाउसची केमिस्ट चिमी ही त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती इथे कामाला लागायची म्हटल्यावर बहिणीने घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी मामानेच मध्ये पडून तिला राजी केलं.

"तू आहेस म्हणून पाठवते," बहीण म्हणाली होती. "तिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस."

ही बाई बोलते ते करते, हे मामाला परकर-पोलक्यातल्या वयापासून ठाऊक होतं. तेव्हापासून चिमी त्याच्याच स्कूटरवर मागे बसून कामावर यायची आणि त्याच्याच मागे बसून घरी जायची.

केटल म्हणजे दुमजली उंचीचं पोलादी भांडं. त्यात रंगासाठी लागणारं रेझिन शिजायचं. दर तासाला चिमी लोखंडी जिन्याने वर चढायची, झाकणाचे चार बोल्ट सोडवायची आणि लांब दांड्याच्या पळीने नमुना काढायची. नियम एकच आणि कडक: आत एकशे सत्तर अंशांच्या वर असेल तर झाकणाला हात लावायचा नाही. त्यापुढे माल फेसाळतो आणि उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. केटलवरची तबकडी वाफेने कधीच आंधळी झाली होती. म्हणून चिमी आधी वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला आकडा विचारायची, आणि तिथला ऑपरेटर पडद्यावर बघून सांगायचा. आकडा तीनदा म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून त्याचं नाव पोपट.

केटलपासून कंट्रोल रूमपर्यंत तो आकडा तांब्याच्या जुन्या तारेतून यायचा. ही तार मोटरच्या जाडजूड केबलींना खेटून गेलेली. गेल्या वर्षी जवळच वीज पडली, ती तारेतून थेट आत आली आणि यंत्रातल्या दोन सर्किट कार्डांची राख झाली. तेव्हा वरून हुकूम निघाला की तांबं काढा, फायबर टाका. काचेच्या केसातून उजेड जातो. त्याला ना मोटरची पर्वा ना विजेची. दोन्ही टोकांना एकेक डबी बसवायची. एक डबी तारेतल्या सिग्नलचा उजेड करते, दुसरी उजेडाचा परत सिग्नल.

हे काम करायला आलेला माणूस चाळिशीचा, टकला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मामाने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, काचवाला. आठवडाभर दोघांची जुंपली होती, तरी माणूस कामाला चोख, हे मामा मनातल्या मनात मानत होता.

त्या दिवशी साडेअकराला मुख्य कार्यालयाचे पाहुणे यायचे होते. केटलमध्ये माल शिजत होता. काचवाला म्हणाला, "हा घाणा उतरला की मग जोडू."

मॅनेजरने घड्याळ पाहिलं आणि मामाकडे पाहिलं.

"दहा मिनिटांचं तर काम," मामा म्हणाला. "चालू घाण्यातच उरकून टाकू."

दहाची झाली बारा. दोन केस उलटसुलट लागले होते. "अहो, याचं तोंड त्याच्या कानाला लागायला हवं," काचवाला चिडून म्हणाला. "तोंडाला तोंड लावलं तर ऐकणार कोण?" केसांची अदलाबदल झाली, डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. दर पाच सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे एक आकडा पोचला. पडद्यावर एकशे चौसष्ट होतं. तार तोडली तेव्हाही एकशे चौसष्टच होतं. मामाने हुश्श केलं.

पाहुणे आले. मॅनेजरने त्यांना पडद्यासमोर उभं केलं आणि आपणच काच ओतली असल्यासारखं सांगू लागला. तेवढ्यात केटलची मोठी मोटर सुरू झाली. एरवी ती सुरू झाली की आकड्याचं शेपूट थरथरायचं. आज काही नाही.

"हलतसुद्धा नाही!" एक पाहुणा म्हणाला.

"भिंतीवरच्या तसबिरीसारखा!" मॅनेजर म्हणाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काचवाल्याने चष्मा पुसला. मामाही हसला, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं.

वॉकीटॉकी खरखरला. "नमुना घेतेय. तापमान?" चिमीचा आवाज.

"एकशे चौसष्ट. चौसष्ट. एकदम चौसष्ट," पोपट म्हणाला.

"बरं. उघडते."

मामा पडद्याकडे बघतच राहिला. तसबीर हलत नाही हे ठीक, पण चुलीवरचं भांडं? खाली आच आहे, आत माल उकळतोय, मोटर ढवळतेय. आणि गेली दहा मिनिटं आकडा एक दशांशही वर नाही, एक दशांशही खाली नाही. बरं, मोटरची थरथर काचेतून येत नाही. पण केटलचा ताप तर यायला हवा ना?

आणि मग त्याला ती ओळ आठवली.

नऊ वर्षांपूर्वी मोटरमुळे पडद्यावरचा आकडा वेड्यासारखा नाचायचा. एकशे साठ, चारशे बारा, सात, एकशे साठ. दर पाळीला तीन-चार वेळा खोटा भोंगा व्हायचा. लोक आधी पळायचे, मग चालायचे, मग भोंगा वाजत असताना निवांत चहा प्यायला लागले. लांडगा आला रे म्हणणाऱ्याची जी गत, तीच भोंग्याची. मामाने एका दुपारी कुणाला न विचारता कंट्रोलच्या यंत्रात एक ओळ घातली: नवा आकडा मागच्यापेक्षा आठ अंशांहून जास्त वेगळा आला तर तो खोटा समज आणि मागचाच धरून ठेव. चुकार आकडे गाळले गेले, भोंगा शहाणा झाला. सगळ्यांनी मामाची पाठ थोपटली. कुठल्या वहीत नोंद नाही, कुणाला सांगितलेलं नाही. पुढे तो स्वतःही विसरला.

तांब्यावर ते चाललं, कारण खोट्या आकड्यामागून पाच सेकंदांत खरा आकडा यायचाच. पण आज बारा मिनिटं तार तुटलेली होती. तेवढ्यात केटल आठाहून जास्त अंश वर गेली असणार. काचेतून आला तो पहिलाच आकडा खरा, स्वच्छ, आणि मामाच्या ओळीने तो खोटा ठरवला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. हिरवा दिवा लुकलुकून दर पाच सेकंदांनी खरं सांगत होता, आणि मामाची ओळ ते केरात टाकत होती. शिवाय आच देणारं यंत्रही याच आकड्यावर चालायचं. त्याला एकशे अडुसष्ट हवे होते, दिसत होते चौसष्ट. म्हणजे ते आच वाढवत बसलं होतं.

"चिमे! उघडू नको!" मामाने पोपटाच्या हातातला वॉकीटॉकी हिसकावला. "चिमे, झाकणापासून लांब हो!"

उत्तर नाही. बोल्ट सोडवताना जाड हातमोजे घालावे लागतात. ती वॉकीटॉकी कठड्याला अडकवून ठेवते, आणि मोटरच्या घरघरीत तिथे काही ऐकू येत नाही. चार बोल्ट. एकेकाला अर्धं मिनिट. मामा मनात मोजू लागला आणि मोजता मोजता भोंग्याच्या बटणाकडे धावला.

मॅनेजरने त्याचं मनगट धरलं. "मामा, डोकं फिरलंय का? आकडा समोर दिसतोय. पाहुणे आहेत!"

"आकडा खोटा आहे!"

"कशावरून?"

सांगत बसायला वेळ नव्हता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मामाने वरिष्ठाला कधी धक्का दिला नव्हता, तो आज दिला. मॅनेजर खुर्चीवर आदळला. मामाने बटण दाबलं.

भोंगा साऱ्या आवारभर घुमला. पोपटाने मामाच्या ओरडण्यावरून आच तोडली, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. मामा खिडकीशी उभा राहिला. केटल हाउसचा दरवाजा समोर दिसत होता. आधी दोन कामगार धावत बाहेर आले. मग कुणीच नाही. ती जुनी पाळी त्याला आठवत होती, भोंगा वाजत असताना चहाचे घोट घेणारी. तिनेही खोटाच समजला असेल तर?

चिमी बाहेर आली. धावत आली, तोंडावर ढाल तशीच, हातात पाना तसाच. ती पन्नास पावलं गेली असेल नसेल, तोच केटलची वाफ सोडणाऱ्या छपरावरच्या नळीतून पांढरा फेस कारंज्यासारखा उडाला आणि पत्र्यावर सळसळत पसरला. मामा मटकन खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला.

अर्ध्या तासाने फेस उडायचा थांबला, केटल हळूहळू निवू लागली होती. पाहुण्यांना कॅन्टीनमध्ये नेऊन बसवलं होतं. चिमी कंट्रोल रूमच्या दारात उभी होती. "तीन बोल्ट काढले होते," ती म्हणाली. "चौथ्याला पाना लावला आणि भोंगा झाला."

"खोटा असेल असं नाही वाटलं?" पोपटाने विचारलं.

"खोटा? दोन वर्षांत मी भोंगाच पहिल्यांदा ऐकला."

मॅनेजर काचवाल्यावर तुटून पडला होता. "तुमच्या डबीने आकडा गोठवला! एक जीव गेला असता!" काचवाला पांढराफटक. "दिवा चालू होता, साहेब," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कुणी ऐकत नव्हतं. मामाकडे मात्र सगळे देव बघावा तसं बघत होते. त्या ओळीचा पत्ता जगात एकालाच ठाऊक होता. तोंड मिटलं असतं तर ते तसंच राहिलं असतं.

मामा यंत्रासमोर बसला. ती ओळ शोधायला त्याला दोन मिनिटं लागली. त्याने ती पुसली. पाच सेकंद गेले. पडद्यावर एकशे चौसष्टच्या जागी दोनशे तीन उमटलं आणि भोंगा आपोआप सुरू झाला.

"याची डबी खरं बोलत होती," मामा म्हणाला. "खोटं माझं होतं." आणि त्याने सगळं सांगितलं. चालू घाण्यात जोडायचा हट्टही आपलाच, हेही सांगितलं.

काचवाला खुर्चीत बसला आणि त्याने चष्मा काढला. चिमी मामाकडे बघत होती.

"म्हणजे मी दोन वर्षं त्या ओळीच्या भरवशावर झाकण उघडत होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू रोज माझ्यासमोर डबा खात होतास."

"विसरलो होतो गं."

ती निघून गेली. मॅनेजरने उद्या लेखी जबाब द्यायला सांगितलं. मामाने मान डोलावली. त्याचं लक्ष तिकडे नव्हतं.

पाळी सुटल्यावर तो स्कूटरपाशी आला. चिमी बसने गेली असणार, असं त्याने धरून ठेवलं होतं. ती स्कूटरला टेकून उभी होती. डोळे सुजलेले.

"तुझ्या आईला तोंड कसं दाखवू?" मामा म्हणाला. हे त्याला तिला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"ते तुझं तू बघ," चिमी म्हणाली. "मी तुझ्या वतीने काही सांगणार नाही, आणि लपवणारही नाही." तिने मागच्या सीटवर पाय टाकला. "सगळं सांग. मधलं काही गाळू नकोस. मी शेजारी बसेन."

मामाने किक मारली. तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली, आणि चिमीने रोजच्यासारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.