नेटक्या माणसांचं रसायन

आमची आई, हिंगणीची देवकाबाई, घरात वस्तू वापरायला आणतच नाही, जपायला आणते. चांगले कप कपाटात, आणि आम्ही कान तुटलेल्या कपांतून चहा पितो. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. अशा बाईच्या पोटी मी जन्मलो! माझा शर्ट खुंटीवर कमी आणि ट्रॅक्टरच्या सीटवर जास्त असतो.

रक्षा आमच्याकडे पहिल्यांदा आली ती कामासाठी. वर्ध्याच्या एका संशोधन संस्थेत ती सॉफ्टवेअर चालवते. तिनं घरोघरी मनगटात घालायच्या रबरी पट्ट्या वाटल्या. फवारणीचं औषध, धूर, अत्तर, माणसाभोवती जे जे रसायन असेल ते ही पट्टी शोषून घेते. सोबत प्रश्नही होते. राग येतो का, झोप लागते का, वस्तू जागच्या जागी ठेवता का. मग सॉफ्टवेअर प्रत्येक रसायनाची प्रत्येक स्वभावाशी जोडी लावून बघतं. जोडी जमली की पडद्यावरचा ठिपका वर चढतो. सोयरीक जमवणारेही हेच करतात, फक्त ते जेवल्याशिवाय जात नाहीत.

"आठ दिवस हातातून काढाची नाई," असं बजावत तिनं सगळ्यांना पट्ट्या दिल्या. माझे हात ग्रीसनं माखले होते, म्हणून मला तिनं स्वतःच घातली. मी तिथंच संपलो.

आईलाही पोरगी आवडली. आडनाव विचारून झालं, मामकूळ विचारून झालं, दुसऱ्या दिवशी फोन सुरू. रक्षाचे वडील हरिदासजी घर बघायला यायला तयार झाले. मला हीच पोरगी हवी होती, इतकी की जेवण गोड लागेना. अडचण एकच होती, ती म्हणजे मी.

पाहुणे यायच्या आठवड्यात रक्षाचा आईला फोन आला. "काकू, अजबच झालं. डांबरगोळीचं रसायन अन् नेटकेपणा, याचा ठिपका पार वर गेला. जेवढी गोळी जास्त, तेवढा माणूस नेटका. सर तं नाचून राह्यले, पेपर पाठव म्हणतात. मले काई पटून नाई राह्यलं."

शेवटचं वाक्य आईनं ऐकलंच नाही. तिनं दुकानातून डांबरगोळ्यांची पुडी आणली आणि माझ्यावर उपचार सुरू केले. उशीत गोळ्या, शर्टाच्या खिशात गोळ्या, ट्रॅक्टरच्या सीटखाली गोळ्या.

"माय, मी माणूस आहो, गादी नोहो!" मी ओरडलो.

"चूप राय. सायन्स आहे थे. रविवारपर्यंत सुधरशीन."

मी काही सुधरलो नाही. फक्त शेजारचे नत्थूजी माझ्याशी वाऱ्याची दिशा बघून बोलायला लागले.

रविवारी पाहुणे आले. हरिदासजी माझ्याजवळ बसले, एकदा शिंकले, दोनदा शिंकले आणि उठून दारापाशी जाऊन बसले. रक्षानं माझ्या खिशाकडे पाहिलं. "हे काय ठेवलं जी? विषारी असते थे, फेका बाहेर!" मी आनंदानं फेकलं. आई मात्र एवढीशी झाली.

मग रक्षानं पिशवीतून नव्या पट्ट्या काढल्या. पेपर पाठवण्याआधी तिला सगळं पुन्हा तपासायचं होतं. पहिली पट्टी तिनं आईच्या हातात घातली. आईनं ती कौतुकानं फिरवून पाहिली, काढली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि ट्रंक उघडून साड्यांच्या मधोमध ठेवली. ट्रंकेतून डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की दारातले हरिदासजी पुन्हा शिंकले.

"काकू, काढली काऊन?"

"नवीकोरी वस्तू आहे न माय. शेणामातीत खराब करू का?"

"मागच्या खेपेलेही...?"

"मंग! तू न्याले आली त्या दिवशी सकाळी घातली. डागसुदिक पडू देल्ला नाई."

रक्षा चप्पल न घालताच शेजारी पळाली. नत्थूजींची पट्टी त्यांच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात होती. पलीकडच्या रुख्मिणीबाईंनी शालूच्या घडीत ठेवली होती. सगळ्या आळीनं मॅडमची वस्तू जिवापाड जपली होती. जो जितका नेटका, त्याच्या पेटीत तितक्या गोळ्या!

परत येऊन रक्षा कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. "सॉफ्टवेअरची काई चूक नाई. मी पेट्या तपासल्या, माणसं नाई." मग ती एकदम थांबली. "पन एका पट्टीत गोळीचं नावच नव्हतं. डिझेल, फवारा, चुलीचा धूर, सगळं ठासून भरलं होतं. सर म्हणत, हे बिघडलेली आहे, फेकून दे. पट्टीवर नुसता नंबर असते, नाव नाई. थे कोनाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हरिदासजींचा चेहरा काही बरं सांगत नव्हता. ते उठले आणि बूट घालू लागले. "चाल बाई, ऊन वाढून राह्यलं."

"थांबा बाबा," रक्षा म्हणाली. "अख्ख्या आळीत माहं ऐकलं थे यायनं एकट्यानं."

"कायचं ऐकते व!" आई मध्येच बोलली. "त्याले काढाचं सुचलंच नाई. तसाच आंघोळ करे, तसाच झोपे." जन्मदात्रीला काय बोलणार! मी दात आवळले.

रक्षा माझ्याकडे वळली. "खरं सांगा. ऐकलं होतं का विसरले होते?"

ऐकलं होतं म्हणालो असतो तर काम फत्ते होतं. पण या पोरीला आता आणखी एक खोटी नोंद द्यायला माझी जीभ वळेना.

"पहिले दोन दिवस विसरलो," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, अन् काढतच होतो. मंग वाटलं, राहू दे. तुमीनं घातली होती."

रक्षाचे कान लाल झाले. तिनं वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हरिदासजींनी एका पायात चढवलेला बूट काढून ठेवला. "देवकाबाई," ते म्हणाले, "चहा मांडा."