वेगळ्या ताटलीतलं इंजेक्शन

घड्याळजींनी चाळीस वर्षं दुकानात एकच नियम पाळला: एका घड्याळाचा स्क्रू दुसऱ्या घड्याळाच्या ताटलीत जाता कामा नये. दुकान बंद झालं, पण खोड काही गेली नाही. बायकोच्या दुखण्यांच्याही त्यांनी दोन फायली केल्या होत्या. हृदयाची निळी, सांध्यांची हिरवी. निळी बाहेर निघाली की हिरवी कपाटात, हिरवी निघाली की निळी कपाटात. दोन्ही दवाखाने गावाच्या दोन टोकांना, त्यामुळे ही व्यवस्था त्यांना फारच शास्त्रशुद्ध वाटे.

बायकोच्या हृदयात धातूची झडप होती. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी सातला रक्त पातळ ठेवणारी गोळी. सांधेदुखीने तिची बोटं इतकी आखडली होती की पाकिटातून गोळी काढणंही जमेना, म्हणून ते काम घड्याळजींकडे आलं. भिंतीवरच्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे. चावी दिली की गोळी, असा त्यांनी क्रम लावून घेतला होता. दोन वर्षांत घड्याळ एकदाही थांबलं नव्हतं.

आणि तरीही रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा उतरायला लागला. अडीचच्या वर हवा, तो दोनवर आला, मग पावणेदोनवर. पहिल्यांदा हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली का हो?" दुसऱ्यांदा विचारलं, "पालेभाजी जास्त झाली का?" तिसऱ्यांदा डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "घरात गोळ्यांकडे बघायला दुसरं कोणी आहे का? वय झालं की होतं असं. तुमचा दोष नाही."

दोष नाही म्हणाले, तिथेच घड्याळजींच्या पाचावर धारण बसली. त्यांचा थोरला भाऊही घड्याळंच दुरुस्त करायचा. शेवटी शेवटी तो हातातला चिमटा शोधत बसायचा आणि आपल्याच बायकोला अहो-जाहो करायचा. त्याच्या खिशात घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असे. आता ते आपल्या वाट्याला आलं, असं घड्याळजींनी धरून टाकलं. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, की त्यांना वाटे, झालं सुरू. आयुष्यात कधी चष्मा शोधला नाही असा माणूस दाखवा मला! पण भ्यालेल्या माणसाला कोण सांगणार?

त्यांनी रिकामी पाकिटं काढून गोळ्या मोजल्या. हिशेब चोख जुळला. पण मोजणाराच विसरभोळा असेल तर त्या मोजणीचं काय घेऊन बसायचं? कदाचित आपण गोळी काढतो आणि द्यायचीच विसरतो. बायकोला विचारायचा धीर होईना. एके दुपारी त्यांनी चिठ्ठी लिहिली: वर पत्ता, खाली बायकोचं नाव. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या नावाकडे बघताना त्यांना रडू आलं होतं, हेही सांगून टाकतो. आपल्या विसरण्याने तिच्या झडपेवर गुठळी धरली तर, हा विचार त्यांना जेवू देत नव्हता.

चौथ्या खेपेला रक्त घ्यायला नेहमीची औषधतज्ज्ञ मुलगी होती. डोस ठरवायचं कामही तिच्याकडेच. बायको खुर्चीत बसली, बाहीचं बटण काढलं आणि हात पुढे केला. मुलगी सुई हातात धरून तशीच थांबली.

"काकू, बटण तुम्ही काढलंत? दोन वर्षं मी काढतेय ते."

"अगं, आता बोटं वळतात माझी! बरणीचं झाकणसुद्धा उघडते. नवं इंजेक्शन लागू पडलंय."

"कुठलं इंजेक्शन? इथे तर कुठेच लिहिलेलं नाही."

"ते हिरव्या फायलीत आहे," घड्याळजी म्हणाले. "घरी."

मुलीने सुई खाली ठेवली. रक्त नंतर घेतलं, आधी सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणं संपलं तेव्हा ती हसत होती.

"काका, अंगात सतत सूज असली ना, की लिव्हरचं एक काम मंदावतं. औषधं तोडणारी जी एन्झाइम असतात, ती कमी तयार होतात. म्हणजे काकूंची गोळी रक्तात जास्त वेळ टिकत होती, आणि आम्ही डोस बसवला तो त्या सुस्त लिव्हरवर. हे इंजेक्शन सूज धरायला सांगणारा अंगातला निरोपच तोडतं. सूज उतरली, लिव्हर जागं झालं. आता तीच गोळी ते भराभर संपवतंय."

घड्याळजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "म्हणजे गोळी... मी देत होतो?"

"देत होतात की! काकू आजारी पडल्या म्हणून नाही, बऱ्या व्हायला लागल्या म्हणून आकडा पडलाय. फक्त ही फाईल आधी आणली असतीत तर दीड महिन्याचा जीवघेणा खेळ टळला असता. दोन वेगळी दुखणी असतील हो, पण माणूस एकच ना? आणि लिव्हरही एकच!"

ती बरंच बोलली. कोणाचीही बोलणी कोणी इतक्या आनंदाने खाल्ली नसतील. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. चूक त्यांचीच निघाली होती, पण ती विसराळू माणसाची नव्हती, अतिनीटनेटक्या माणसाची होती. तेवढा फरक त्यांना पुरेसा होता.

गोळीचा डोस वाढला. आकडा वर येईपर्यंत काही दिवस पोटात रक्त पातळ ठेवणारं वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं, दर तीन दिवसांनी रक्त तपासलं गेलं. दोन आठवड्यांनी आकडा पावणेतीनवर येऊन टेकला. निळी आणि हिरवी, दोन्ही फायली आता एकाच पिशवीत राहू लागल्या. सदरा धुवायला टाकताना बायकोला खिशात चिठ्ठी सापडली. स्वतःचं नाव वाचून तिने ती पुन्हा घडी केली आणि आपल्या डब्यात ठेवली.

त्या संध्याकाळी सातला तिने घड्याळाची चावी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या बोटांनी फिरवली. बारा वेळा, सावकाश. घड्याळजींनी गोळी दिली. थोड्या वेळाने ती मासिकातून डोकं वर न काढता म्हणाली, "अहो, आज गोळी दिलीच नाहीत तुम्ही."

महिन्यापूर्वी ते ऐकून त्यांनी गोळ्या पुन्हा मोजायला काढल्या असत्या.

"दिली," घड्याळजी म्हणाले. "सात वाजून चार मिनिटांनी. पाणी कोमट होतं म्हणून तू तोंड वाकडं केलंस."

ती मासिकाआड हसली. "बघत होते," म्हणाली, "तुम्ही घाबरताय का ते."